ठोक्याआधी जरासं थांबायचं

ठोकेबाईंचा कुणावरच चटकन विश्वास बसत नसे. नवा दूधवाला आला की त्या आधी दूध हुंगायच्या, मग त्याच्याकडे बघायच्या, मग पुन्हा दूध हुंगायच्या. दाराला कडी, कडीवर साखळी आणि साखळीच्या वर बोल्ट. पाण्याचं मीटर बघायला आलेल्या माणसाचं ओळखपत्र त्या चष्मा लावून पुढून वाचायच्या, उलटून मागूनही वाचायच्या. यजमान हयात होते तेव्हा म्हणायचे, "देव प्रसन्न झाला तरी तू आधी त्याचं ओळखपत्र मागशील." बाई शांतपणे म्हणायच्या, "मागेन. खरा असेल तर दाखवेल."

ठोकेबाई हे नाव गल्लीनं ठेवलेलं. रंगाच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर त्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत त्या संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवायच्या. खोलीत खालून टर्पेंटाइनचा वास यायचा आणि खाली दुकानात बाईंच्या टेबलावरचे ठोके ऐकू जायचे. दुकानदार जिन्यात भेटला की म्हणायचा, "काल फार मोठे शब्द होते वाटतं बाई, छताचा पोपडा पडला."

बाईंचं म्हणणं असं, की लांबलचक इंग्रजी शब्द दिसला की लोक त्याला घाबरतात, आणि घाबरून तो एका दमात ओकून टाकतात. तसं करायचं नाही. आधी त्याचे तुकडे पाडायचे. हाताचा पंजा हनुवटीखाली धरायचा आणि शब्द सावकाश म्हणायचा. हनुवटी जितक्या वेळा पंजाला टेकेल तितके तुकडे. मग बघायचं डोकं कुठलं, धड कुठलं, शेपूट कुठलं. 'डिसकनेक्शन'मधलं 'डिस' हे डोकं, ते काम बिघडवतं. 'कनेक्ट' हे धड. 'शन' ही शेपटी. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, ठोका. प्रत्येक लांब शब्दात एक तुकडा असा असतो की ज्यावर जोर द्यायचा, बाकीच्यांनी त्याच्या आजूबाजूला मुकाट्यानं उभं राहायचं.

"शेपटी 'शन' असेल तर ठोका कुठे?" बाई विचारायच्या.

"शेपटीच्या अलीकडच्या घरावर!" सगळे म्हणायचे.

"व्हे-रि-फि-के-शन?"

"के!" आणि टेबलावर बाईंच्या बोटांची पेरं आपटायची. तिथलं पॉलिश कधीच उडालं होतं.

शेपटी बदलली की ठोकाही जागा सोडतो, हे लोकांना पटवायला फार वेळ लागे. 'इलेक्ट्रिक'मध्ये ठोका 'लेक्'वर, पण मागे 'इटी' लावली की तो उठून 'ट्रि'वर जाऊन बसतो, इ-लेक्-ट्रि-सि-टी. 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्या 'फो'वर, 'फोटॉग्रफर'मध्ये 'टॉ'वर. "असा कसा पळतो हो?" कुणीतरी वैतागून म्हणायचंच. बाई म्हणायच्या, "नव्या सुनेसारखं आहे. माणूस एकच वाढतो, पण घरातल्या सगळ्यांच्या जागा बदलतात."

आणि त्यांची एक खास गोष्ट होती. मोठ्या ठोक्याच्या आधी त्या एक बारीकसा श्वास घ्यायला लावायच्या. 'व्हेरिफि', मग केसाएवढी फट, मग 'केशन'. त्या म्हणायच्या, "मोठं माणूस आत यायचं म्हटलं की आपण जरा बाजूला होतो ना? तसं. त्यानं बोलण्याला ऐट येते." विद्यार्थ्यांना ते आवडायचं. खरं कारण मात्र वेगळं होतं आणि ते फक्त त्यांच्या वन्संना ठाऊक होतं. बाई लहानपणी फार अडखळायच्या. वर्गात उभं केलं की पहिल्याच जड अक्षराशी जीभ रुतून बसायची आणि पोरी खिदळायच्या. त्यांचे वडील सुतार होते. त्यांनी एक फळी समोर ठेवली आणि म्हणाले, "लांब लाकूड एकदम कापतात का? आधी खुणा कर. आणि करवत अडते तिथे थांब, श्वास घे, मग पुढे जा." वर्षभर फळी ठोकून ठोकून पोर बोलायला लागली. अडखळणं गेलं, पण जिथे ते असायचं तिथे तो श्वास राहिला. पुढे त्यांनी तोच पद्धत म्हणून शेकडो लोकांना शिकवला.

वन्सं म्हणजे यजमानांची थोरली बहीण. त्याही एकट्या, त्यामुळे दोघी एकत्र राहत. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी हैराण, पण तोंडानं ठणठणीत. वर्ग सुरू असताना त्या आतून चहा पाठवायच्या आणि दारातून सगळं ऐकायच्या. स्वतः कधी इंग्रजी बोलल्या नाहीत, पण कुणी 'के'ऐवजी 'फि'वर जोर दिला की आतून कपाची बशी वाजायची.

एके दुपारी ठोकेबाई वह्या तपासत बसल्या असताना फोन आला. पुरुषाचा आवाज, तरणा, गोड. वीज कंपनीतून बोलतोय म्हणाला. तुमचं व्हेरिफिकेशन राहिलंय, आज संध्याकाळी डिसकनेक्शन होईल, फोनवर एक नंबर येईल तो मला सांगा. वर इंग्रजीत म्हणाला, "सॉरी फॉर द इनकन्व्हीनिअन्स."

बाईंनी नंबर द्यायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी खऱ्या वीज कंपनीच्या माणसालाही कधी धड उत्तर दिलं नव्हतं. पण त्या फोन ठेवू शकल्या नाहीत. 'इनकन्', मग ती केसाएवढी फट, मग 'व्ही'. व्हेरिफिकेशनमध्येही तेच. डिसकनेक्शनमध्येही तेच.

"पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या.

"काय मॅडम?"

"शेवटचा शब्द. पुन्हा म्हणा."

मग त्यानं विचारलं, "कनेक्शन तुमच्याच नावावर आहे ना? की घरात आणखी कोणाच्या?" बाईंनी फोन बंद केला. त्यांच्या नंबरची पाटी खाली जिन्याशी लावलेली होती, तो कुणालाही मिळाला असता. पण तो श्वास पाटीवर लिहिलेला नव्हता.

त्यांनी वन्संना काही सांगितलं नाही. उगाच घाबरतील असं स्वतःला समजावलं. खरं तर आपल्याच वर्गातलं कुणीतरी चोर निघतंय, हे त्यांना तोंडावाटे काढायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी, बाई बाजारात गेल्या असताना वन्संच्या मोबाइलवर फोन आला. विजेचं बिल वन्संच्या नावावर होतं आणि नंबरही त्यांचाच दिलेला होता. बाई परतल्या तेव्हा वन्सं खुर्चीत बसल्या होत्या आणि फोन समोरच्या स्टुलावर उपडा पडला होता. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे खात्यातून गेले होते. सगळेच.

"मी तुम्हाला शंभरदा सांगितलंय, नंबर कुणाला द्यायचा नाही म्हणून!" बाईंचा आवाज चढला.

"सांगितलंयस," वन्सं म्हणाल्या.

"मग?"

"अगं, तो अगदी तुझ्यासारखं बोलत होता." वन्सं आपल्या गुडघ्यांकडे बघत होत्या. "शब्द तसेच तोडत होता. मला वाटलं, तुझ्याकडचाच कुणी चांगला शिकलेला मुलगा असेल, नोकरीला लागला असेल. मी त्याला म्हटलंसुद्धा, किती स्पष्ट बोलतोस रे."



पोलीस ठाण्यात साहेबांनी तक्रार लिहून घेतली. असे फोन रोज येतात, पैसे मिळणं कठीण आहे, हेही सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "साहेब, तो माणूस माझ्याकडे शिकलेला आहे. तो ठोक्याआधी थांबतो."

"कशाच्या आधी?"

बाईंनी समजावलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, मी फिर्यादीत काय लिहू? आरोपी श्वास घेतो?" शेजारचा हवालदार खाकरला. बाई उठून आल्या.

तेव्हापासून त्या संशयानं पोखरून निघाल्या. चालू वर्गात तिघं होते. एक नर्स, तिला परदेशातल्या हॉस्पिटलात जायचं होतं. एक पार्लरवाली, गिऱ्हाइकांनी इंग्रजीत टोमणे मारले की तिला उलट टोमणा मारायचा होता. आणि एक कुरियरवाला, त्याला ऑफिसात बढती हवी होती. आवाज पुरुषाचा होता म्हणून दोघी बाया सुटायला हव्या होत्या, पण बाईंनी त्यांनाही सोडलं नाही. नर्सचा भाऊ काय करतो? पार्लरवालीचा नवरा घरी वर्ग गिरवून घेतो का? त्या गोड बोलून विचारायच्या आणि उत्तर मनात घोळवत बसायच्या. कुणी वहीत जास्त लिहून घेतलं तरी संशय, न लिहिता ऐकत राहिलं तरी संशय.

एका संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, "आज फोनवरचा सराव. एकेकानं स्वयंपाकघरात जायचं, दार लावायचं आणि मला फोन करायचा. वीज कंपनीतून बोलतोय असं समजून." नर्स लाजत लाजत बोलली. पार्लरवालीला हसूच आवरेना. मग कुरियरवाला आत गेला. फोन वाजला. "गुड ईव्हनिंग मॅडम," तो म्हणाला, "सॉरी फॉर द इनकन्" आणि ती फट, आणि 'व्हीनिअन्स'. अचूक.

त्यांच्या डोक्यात सगळं भराभर जुळत गेलं. ह्याला गल्लीतलं प्रत्येक दार माहीत. कुणाचा नंबर काय, घरी दुपारी एकटं कोण असतं, म्हातारं माणूस कुठे आहे, सगळं माहीत. वन्संच्या औषधांचं पार्सल हाच आणून देतो.

तो हसत बाहेर आला. त्याला आपलं बरोबर आल्याचं कळलं होतं.

"बुधवारी दुपारी कुठे होतास?" बाईंनी विचारलं.

"मी? डिलिव्हरीवर."

"कुठे?"

"कुठे म्हणजे... तिकडेच, बाजाराच्या बाजूला." त्याचं हसू जरा वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं, मग गेलं. "का, टीचर?"

"फोन कुणाला केलेस त्या दुपारी?"

नर्सनं मान खाली घातली. वन्संना फोनवर फसवल्याचं तोवर सगळ्यांना कळलेलं होतं.

"टीचर, तुम्ही मला चोर म्हणताय?"

"मी विचारतेय फक्त."

त्यानं आपला मोबाइल काढून टेबलावर ठेवला, बाईंच्या पेरांनी झिजवलेल्या जागेवर. "बघा. सगळे फोन आहेत त्यात." बाईंनी खरंच चष्मा लावला आणि बघितले. गिऱ्हाइकांचे, ऑफिसचे, बायकोचे. काहीच नव्हतं. पण दुसरा मोबाइल असू शकतो, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते त्याला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"तुम्ही शिकवलंत तसंच म्हटलं ना मी?" तो म्हणाला. "चुकीचं म्हटलं असतं तर सुटलो असतो." त्यानं मोबाइल उचलला, वही तिथेच राहू दिली आणि जिना उतरून गेला. आतून बशी वाजली नाही.

आठवडाभरानं वन्संच्या फोनवर पुन्हा फोन आला. आता वन्सं अनोळखी फोन उचलत नसत, त्यांनी तो सरळ बाईंच्या हातात दिला. यावेळी दुसराच आवाज होता, थोडा घोगरा. म्हणाला, तुमचे पैसे चुकून गेलेत, ते परत मिळवून देतो, फक्त थोडी माहिती लागेल. "रिफंडसाठी ऑथॉरिझेशन लागेल, मॅडम."



तो श्वास इथेही होता. पण त्याहून मोठी गोष्ट होती. 'ऑथॉरिटी'त ठोका 'थॉ'वर, ते बरोबर. पण 'शन'ची शेपटी लागली की ठोका 'झे'वर जायला हवा, ऑ-थ-राय-झे-शन. ह्यानं ठोका 'थॉ'वरच ठेवला होता. ऑ, फट, थॉरिझेशन. उभ्या आयुष्यात हा शब्द असा, श्वासासकट चुकवणारा एकच माणूस बाईंना भेटला होता.

"तुम्हाला बोलायला कुणी शिकवलं हो?" त्यांनी आवाज मऊ केला. "फार छान बोलता."

घोगरा आवाज खूश झाला. "थँक यू मॅडम. आमचे ट्रेनिंगचे सर आहेत."

"कोट घालतात का ते?"

फोन कट झाला.

कोटवाला त्यांच्याकडे सहासात वर्षांपूर्वी शिकला होता. हॉटेलात वेटर होता तेव्हा. कितीही उकडत असलं तरी कोट घालून वर्गाला यायचा, म्हणायचा, "कोट काढला की माझं इंग्रजी जातं, टीचर." हुशार होता, सगळ्यात हुशार. फक्त ऑथरायझेशनवर भांडायचा. "ठोक्याला एकदा 'थॉ'चं घर मिळालंय ना, मग शेपटी आली म्हणून त्यानं का हलायचं? मी त्याच्या जागी असतो तर हललो नसतो." बाईंनी टेबल ठोकून सांगितलं, त्या चिडल्या, हसल्या, पण तो बधला नाही. पुढे एका कंपनीत बोलायला शिकवण्याची नोकरी लागली म्हणून सांगायला आला होता. वन्संच्या पाया पडला होता. बाईंनी अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं, आपला विद्यार्थी आता शिक्षक झाला म्हणून.

त्याचा पत्ता शोधायला वेळ लागला नाही. तो जिथे वेटर होता त्या हॉटेलातल्या जुन्या माणसानं सांगितलं. दातांच्या डॉक्टरच्या वर दुसरा मजला, काचेचं दार, पाटी नाही. बाई आत गेल्या. लांबट खोलीत दोन्ही बाजूंना टेबलं, कानांना हेडफोन लावून बोलणारी माणसं, खिडक्यांचे पडदे ओढलेले. आणि समोरच्या भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर लांब इंग्रजी शब्द, तिरक्या रेघांनी तुकडे पाडलेले, ठोक्याच्या तुकड्यावर लाल टिंब आणि टिंबाच्या आधी श्वासाची एक छोटीशी खूण.

आधी त्यांच्या छातीत अभिमान भरून आला. मग त्यांना वन्संचे गुडघे आठवले.

"टीचर!" कोटवाला पळतच पुढे आला. कोट आता भारीतला होता. त्यानं त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं, पाणी मागवलं. "तुम्ही इथे कशा?"

"काय शिकवतोस?"

"बोलायला. तुम्ही शिकवलंत तेच."

"आणि ही माणसं फोनवर काय बोलतात?"

"ते कंपनी ठरवते. कागद कंपनीकडून येतात. मी फक्त शब्द तोडून देतो."

"त्या कागदांवर काय लिहिलंय ते वाचतोस ना?"

तो हसला. "टीचर, मी शब्द वाचतो. वाक्यं नाही वाचत."

"वन्संचे पैसे गेले," बाई म्हणाल्या. "गुडघ्याचे. तुझ्यासारखं बोलणाऱ्या माणसानं नेले."

त्यानं पाण्याचा ग्लास बाईंच्या हातात दिला. तो बाहीवरचं नसलेलं काहीतरी झटकत राहिला. "चहा द्यायच्या त्या वन्सं?" असं त्यानं विचारलं, आणि मग, "आमच्याकडून नसेल ते. अशा कितीतरी कंपन्या असतात."

"ऑथरायझेशन म्हण."

"काय?"

"म्हणून दाखव. मला ऐकायचंय."

कोटवाल्यानं त्यांच्याकडे बघितलं. मग फळ्याकडे न बघता, अगदी सावकाश म्हणाला, "ऑ-थ-राय-झे-शन." ठोका 'झे'वर, जिथे असायला हवा तिथेच. आधीचा श्वाससुद्धा त्यानं गाळला होता.

इतकी वर्षं घासूनही जे आलं नव्हतं ते आज पहिल्या फटक्यात बरोबर आलं, आणि तो काहीतरी लपवतोय हे बाईंना समजलं. त्यांनी पाणी न पिता ग्लास ठेवला आणि उठल्या. दारापर्यंत तो त्यांच्या मागे आला. "टीचर, मी कुणाला तुमचा नंबर दिलेला नाही. शपथ." बाईंनी ते खरं मानलं नाही, खोटंही मानलं नाही.

पोलीस साहेबांना आता पत्ता मिळाला होता, त्यामुळे श्वासाची चेष्टा झाली नाही. पण कागदपत्रं होऊन माणसं तिथे पोचेपर्यंत काचेच्या दाराला कुलूप लागलं होतं. आत टेबलं होती, वायरी होत्या, फळा पुसलेला होता. कोटवाल्याचा फोन बंद. त्याला किती माहीत होतं, कधीपासून माहीत होतं, की माहीत करून घ्यायचंच नाही असं त्यानं ठरवलं होतं, हे कुणाला कळलं नाही. पैसेही आले नाहीत.

पुढच्या वर्गाला नर्स आणि पार्लरवाली अशा दोघीच होत्या. बाईंनी त्यांना फळीची आणि अडखळण्याची गोष्ट सांगितली. म्हणाल्या, "तो थांबा माझा होता. तुम्हाला द्यायची गरज नव्हती. तुम्ही सरळ बोला." पार्लरवालीनं दोनतीनदा प्रयत्न करून बघितला. "आता नाही जायचं ते, टीचर," ती म्हणाली. "माझ्या गिऱ्हाइकांना आवडतं."

मग एका सकाळी बाई कुरियरच्या गोदामात गेल्या. आरोप चारचौघांत केला होता, तर माफीही चारचौघांत मागायची असं त्यांनी ठरवलं होतं. पार्सलांच्या ढिगात तो मशीननं लेबलं वाचत उभा होता, आजूबाजूला त्याचे दहाबारा सोबती. बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, माझी चूक झाली, हा माणूस सरळ आहे, मी ह्याच्यावर खोटा आळ घेतला. तो म्हणाला, "ठीक आहे, टीचर," आणि पुढचं पार्सल उचललं. त्याची वही बाईंनी सोबत नेली होती. ती त्यानं घेतली.

घरी वन्सं वाट बघत होत्या. "काय म्हणाला?"

"ठीक आहे म्हणाला."

"'ठीक'वर जोर होता की 'आहे'वर?"

बाईंनी आठवून बघितलं. "कुठेच नव्हता, वन्सं."



तो वर्गाला परत आला नाही. काही महिन्यांनी गल्लीत पार्सलं घेऊन दुसराच माणूस यायला लागला. आधीचा ऑफिसात बसतो आता, असं त्यानं सांगितलं. बाईंनी सकाळचा आणखी एक वर्ग सुरू केला, एका भाच्यानं हातभार लावला आणि पुढच्या वर्षी वन्संच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याचं अजून व्हायचंय. नव्या वर्गातली माणसं श्वास न घेता, सपाट बोलतात. बाईंना ते बोलणं उघडंबोडकं वाटतं, पण त्या तसं बोलून दाखवत नाहीत. इंग्रजी कशासाठी शिकायचंय, हे त्या आता पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारतात. उत्तर ऐकतात, मान डोलावतात, आणि त्यातलं निम्मंच धरतात.

अनोळखी फोन वाजला की वन्सं तो त्यांच्या हातात देतात. बाई कानाला लावून कितीतरी वेळ काहीच बोलत नाहीत, नुसत्या ऐकत राहतात. पलीकडे बहुतेक वेळा औषधाच्या दुकानातला माणूस असतो, आणि तो पुन्हा पुन्हा विचारत असतो, "हॅलो? ऐकू येतंय का? गोळ्या पाठवू का नको?"